दादाच्या आजारानंतर आमच्या घराची तपासणी

२०१९ मध्ये दादाला यकृताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न दारूविषयी विचारला आणि दुसरा आमच्या आईविषयी. पहिल्या प्रश्नाने वहिनी दुखावल्या, कारण दादा माळकरी होता. त्याने मांसाहारसुद्धा ऐन तिशीत सोडला होता. दुसऱ्या प्रश्नाचा रोख आमच्यापैकी कुणालाच कळला नाही. आईला कधी कावीळ झाली होती का, तिच्या माहेरी कुणी पोटात पाणी होऊन गेले होते का, आम्ही भावंडे किती, हे सारे त्यांनी नीट लिहून घेतले आणि मग सांगितले की दादाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, तो बहुधा जन्मापासून आहे, आणि म्हणून त्याच्या उपचारांइतकीच आता तुम्हा सगळ्यांची तपासणी महत्त्वाची आहे.

दादा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. भूक मंदावली, वजन उतरले, उजव्या बरगडीखाली जड वाटते, एवढीच त्याची तक्रार होती आणि ती त्याने बरेच दिवस पित्तावर ढकलली होती. साताऱ्यात सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ आठ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली होती. पुढे तीन टप्प्यांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये असे दिसले की चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिलेले औषध ती गाठ आधी झपाट्याने शोषून घेते आणि भोवतालच्या यकृतापेक्षा लवकर सोडून देते. धोक्याच्या गटातल्या रुग्णात हे चित्र इतके बोलके मानले जाते की सुई घालून तुकडा काढण्याची बहुधा गरज उरत नाही. अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे यकृताच्या कर्करोगात बरेचदा रक्तात वाढणारे प्रथिन, त्याचा आकडा हजारांत होता. आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ शिरलेली असल्यामुळे शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपण हे दोन्ही मार्ग बंद झाले होते. कर्करोगाची वाढ लांबवणाऱ्या सोराफेनिबच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत दादा गेला.

मधल्या काळात गावाकडच्या नातेवाइकांनी काविळीची माळ आणून दिली होती आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवून घेण्याचा आग्रहही झाला. दादाला तर शेवटचे काही आठवडे सोडले तर कावीळ दिसलीच नव्हती. या उपायांना गुण येतो असे लोक शपथेवर सांगतात, ते बहुतेक वेळा दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीबद्दल असते. ती बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. रक्तात वर्षानुवर्षे मुक्काम करणाऱ्या विषाणूला माळेचे काही वाटत नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे न कळलेली गोष्ट वाचून काढण्याची सवय मला आहे. डोळे कधी पिवळे न होता माणूस यकृताच्या कर्करोगापर्यंत कसा पोहोचतो, याचे उत्तर लागणीच्या वयात दडलेले आहे. प्रौढ माणसाला या विषाणूची लागण झाली, तर शंभरातले सुमारे पंच्याण्णव जण काही महिन्यांत त्याला शरीराबाहेर घालवतात. त्यांपैकी काहींना ठळक कावीळ होते, काहींना काहीच जाणवत नाही. जन्मताना किंवा तान्ह्या वयात लागण झालेल्या शंभर बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद जणांमध्ये विषाणू कायमचा राहतो, कारण त्या वयातली प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडत नाही. विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. पुढे तरुणपणी प्रतिकारशक्ती जागी होते, विषाणू असलेल्या पेशींवर हल्ला करते, पेशी मरतात, नव्या तयार होतात, व्रण राहतात, आणि हे चक्र वीस-तीस वर्षे निमूटपणे चालते. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशींच्या डीएनएत घुसून बसतात. त्यामुळेच हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत पार कडक होण्याचा आजार, झालेला नसतानाही कर्करोग होऊ शकतो, आणि दादाच्या बाबतीत तेच घडले होते.

हा संबंध केवळ तर्काने जोडलेला नाही. तैवानमध्ये बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: विषाणू अंगात असलेल्यांना यकृताचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या दोनशे पटींहून अधिक होते. त्याच तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस देण्यास सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. एखादी लस कर्करोग टाळते याचा माणसांमधला हा पहिला मोठा पुरावा होता. दादाच्या दवाखान्यात बाकावर बसून हे वाचताना मला दिलासा वाटला असे म्हणणे खोटे ठरेल.

आमची रक्ततपासणी दादा असतानाच झाली. पहिली तपासणी एचबीएसएजी नावाची असते. विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन रक्तात आहे की नाही, एवढेच ती सांगते. आईची आली ती होकारार्थी, माझीही होकारार्थी. धाकटा भाऊ तेव्हा तपासणीला आलाच नाही. हे प्रथिन सहा महिन्यांहून अधिक काळ रक्तात राहिले तर लागण जुनी मानतात, पण ताज्या लागणीची खूण असणारे प्रतिपिंड (विषाणूशी लढायला शरीर बनवते ते प्रथिन) माझ्या रक्तात नव्हते आणि घरातला इतिहास समोर होता, त्यामुळे डॉक्टरांनी वाट न पाहता पुढच्या तपासण्या लगेच सांगितल्या. विषाणूची रक्तातली संख्या, म्हणजे व्हायरल लोड; तो किती जोमाने वाढतो आहे हे दाखवणारी ई-अँटिजेनची तपासणी; यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी, प्लेटलेट, सोनोग्राफी, आणि यकृत किती कडक झाले आहे ते बाहेरून मोजणारा फायब्रोस्कॅन. या शेवटच्या तपासणीत दुखत काहीच नाही, बरगड्यांवर टिचक्या मारल्यासारखे वाटते. माझा व्हायरल लोड काही हजारांत होता, एसजीपीटी किंचित वाढलेले होते, आणि ज्या यकृताबद्दल मला एकोणपन्नास वर्षांत एकदाही तक्रार नव्हती त्यावर बऱ्यापैकी व्रण तयार झाले होते.

आईने मात्र हा सारा हिशेब वेगळ्याच रीतीने मांडला. तिने डॉक्टरांना विचारले, ‘म्हणजे माझ्या पोटातूनच गेलं ना हे पोरांच्या अंगात?’ डॉक्टरांनी ते नाकारले नाही, आणि ते नाकारले नाही हे मला आवडले. ते म्हणाले, ‘आजी, तुमचा थोरला मुलगा १९६४ चा. या विषाणूचं ते प्रथिन अमेरिकेत ब्लमबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने जगासमोर मांडलं १९६५ मध्ये, आणि त्याचा काविळीशी संबंध कळायला आणखी दोन वर्षं गेली. तुमच्या बाळंतपणात जगातल्या कोणत्याही डॉक्टरला ही तपासणी करता आली नसती.’ आईचे समाधान झाले की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिच्या स्वतःच्या अंगात तो कुठून आला, हे शोधून उपयोग नव्हता. तिच्याही आईकडून आला असेल. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेल्या हातांवरून आला असेल. किंवा त्या काळच्या काचेच्या सिरिंजमधून, जी दिवसभर सगळ्या रुग्णांना पुरत असे. त्या गोष्टी जुन्या झाल्या असे समजू नये. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली. म्हणून इंजेक्शन घेताना नवे पाकीट माझ्यासमोर फोडा, असे मी आता कोणत्याही दवाखान्यात सांगते, आणि कुणाला त्याचा राग आला तरी चालतो.

माझ्यावर टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू झाली. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आहे आणि त्यातून ही औषधे मोफत मिळतात. (२८ जुलै हा ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस, जागतिक हिपॅटायटिस दिनही त्यासाठीच त्या तारखेला असतो.) ही गोळी विषाणूला वाढू देत नाही, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा जो मूळ साचा दडलेला असतो तिथपर्यंत ती पोहोचत नाही. त्यामुळे वर्षभरात माझ्या रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला तरी एचबीएसएजी आजही होकारार्थी आहे आणि गोळी चालूच आहे. मूत्रपिंडावर परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी क्रिएटिनिन अधूनमधून तपासावे लागते.

यजमानांच्या तपासणीत एक वेगळीच गोष्ट निघाली. त्यांना कधीतरी लागण होऊन गेली होती आणि त्यांच्या शरीराने ती परतवूनही लावली होती. विषाणूच्या आवरणाविरुद्धचे आणि गाभ्याविरुद्धचे अशी दोन्ही प्रतिपिंडे रक्तात होती, विषाणू नव्हता. त्यांना लसीची गरज नव्हती. मात्र पुढे कधी केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावे लागले, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगायची, कारण प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू पुन्हा उठू शकतो. मुलाला लागण कधीच झालेली नव्हती. त्याला लसीचे तीन डोस दिले, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, आणि नंतर प्रतिपिंडांची पातळी मोजून घेतली. दहा एककांच्या वर असली की संरक्षण मिळाले असे मानतात. ही मोजणी सर्वसामान्य माणसाला लागत नाही, पण ज्याच्या घरात विषाणू असलेले माणूस आहे त्याने ती करून घ्यावी.

मुलीचा अहवाल होकारार्थी आला. तिचा जन्म १९९५ चा. लस तेव्हा बाजारात होती, पण परदेशी आणि महाग. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वस्त देशी लस १९९७ मध्ये आणली, आणि सरकारी लसीकरणात ती देशभर येईपर्यंत २०११ साल उजाडले. माझ्या बाळंतपणात ही तपासणी झालीच नव्हती. मुलीचे लग्न झालेले होते. आधी जावयांना सांगितले, त्यांची तपासणी नकारार्थी आली, त्यांनी लगेच लस सुरू केली. सासरी सांगणे अवघड गेले. विहीणबाई वाईट बोलल्या नाहीत, पण मुलीचे ताट, पेला आणि टॉवेल वेगळा झाला. मग जावयांनी आईला डॉक्टरांकडे नेले आणि डॉक्टरांनी काय धोक्याचे आहे व काय नाही हे स्पष्ट सांगितले: एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा विषाणू पसरत नाही, रक्त लागू शकेल अशा वस्तू मात्र, म्हणजे दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे यंत्र, प्रत्येकाची स्वतंत्र हवी, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. ताटे पुन्हा एकत्र झाली. गंमत अशी की तोपर्यंत घरात नखे कापायचे यंत्र सगळ्यांचे मिळून एकच होते.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. तिचा व्हायरल लोड कोट्यवधींत होता आणि ई-अँटिजेन होकारार्थी, म्हणजे काहीच केले नसते तर दहापैकी सात ते नऊ बाळांना लागण व्हावी अशी स्थिती. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिला टेनोफोव्हिर सुरू केले, जेणेकरून प्रसूतीपर्यंत विषाणूची संख्या खाली यावी. ज्या प्रसूतिगृहात तिचे नाव घातले होते तिथे अहवाल पाहिल्यावर वेगळी खोली आणि वेगळ्या साहित्याच्या नावाखाली भलीमोठी रक्कम सांगण्यात आली आणि शेवटी ‘आमच्याकडे सोय नाही’ असे उत्तर मिळाले. खरे तर रक्ताशी संबंध येणाऱ्या कामात प्रत्येक रुग्ण बाधित आहे असे धरूनच काळजी घ्यायची असते, नाहीतर तपासणी न झालेल्या रुग्णांचे काय? आम्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो, आणि तिथल्या परिचारिकेने अहवाल वाचून पहिली चौकशी केली ती इम्युनोग्लोब्युलिनची.

या इंजेक्शनाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण ऐन वेळी लोकांची धावपळ त्यासाठीच होते. जन्मल्यानंतर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीच्या लसीचा डोस प्रत्येकच बाळाला द्यायचा असतो. आई बाधित असेल तर त्यासोबत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शनही दुसऱ्या मांडीत द्यायचे, आणि दोन्ही शक्यतो बारा तासांच्या आत. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंडे करायला शिकवते, त्याला वेळ लागतो. तोवरची राखण हे दुसरे इंजेक्शन करते. ते महाग असते, थंडाव्यात ठेवावे लागते आणि लहान गावातल्या औषधांच्या दुकानांत रात्री-अपरात्री मिळेलच असे नाही. बाळाला काही रविवार-सुट्टी कळत नाही, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच त्याची उपलब्धता रुग्णालयाशी बोलून पक्की करून ठेवावी. नातीला दोन्ही इंजेक्शने प्रसूतिकक्षातच मिळाली. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी पेंटाव्हॅलंट लस झाली, तिच्यात हिपॅटायटिस बीचा अंश असतोच. अंगावर पाजायचे की नाही यावरून घरात थोडी चलबिचल होती. बालरोगतज्ज्ञांनी पाजण्यास कसलीच हरकत नाही असे सांगितले.

बाळाची तपासणी लगेच करून टाकावी अशी विहीणबाईंची घाई होती, आणि माझीही, पण ती नऊ महिन्यांच्या आधी करत नाहीत. बाहेरून दिलेली प्रतिपिंडे तोपर्यंत रक्तात रेंगाळतात, आणि नुकत्याच दिलेल्या लसीमुळेही अहवाल काही दिवस फसवा येऊ शकतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर तपासणी झाली. विषाणू नाही, प्रतिपिंडे भरपूर.

धाकट्या भावाने दादाच्या वर्षश्राद्धानंतर एकदाची तपासणी करून घेतली. तोही बाधित निघाला, त्याच्यावरही गोळ्या सुरू झाल्या, आणि काही महिन्यांनी ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल हाती पडताच त्याने आपण बरे झालो असे ठरवून गोळ्या बंद केल्या. पुढे काही आठवड्यांत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि एसजीपीटी हजारावर गेले. दबून असलेला विषाणू उसळला की प्रतिकारशक्तीही एकदम उसळते, आणि त्यात काही वेळा यकृतच निकामी होते. रुग्णालयात दाखल होऊन, गोळ्या पुन्हा सुरू करून तो सावरला. आता त्याची गोळी त्याची बायको समोर उभी राहून देते.

कर्करोगाच्या दृष्टीने आमच्यासारख्यांना पाळावी लागणारी शिस्त साधी आहे: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत अल्फा फीटोप्रोटीन. गोळ्यांनी धोका घटतो, शून्य होत नाही, म्हणून विषाणू सापडत नसला तरी हे थांबवायचे नसते. ही गाठ साधारणपणे काही महिन्यांत दुप्पट होते. सहा महिन्यांनी पाहिले तर ती दोन-तीन सेंटिमीटरची असतानाच सापडण्याची शक्यता राहते, आणि त्या आकाराला शस्त्रक्रिया करता येते किंवा सुईने उष्णता देऊन ती जाळता येते. माझ्या एका सोनोग्राफीत सव्वा सेंटिमीटरचा ठिपका दिसला होता. एक सेंटिमीटरच्या वरचे काही दिसले की सीटी किंवा एमआरआय करतात. तो अहवाल येईपर्यंत घरात कुणी माझ्याशी मोठ्याने बोलत नव्हते, ते मला जास्त जाचले. ती रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ निघाली, पुष्कळांच्या यकृतात असते तशी. पुढच्या वेळेपासून मी जुना अहवाल आणि चित्रे सोबत नेते, म्हणजे तोच ठिपका नव्याने शोधला जात नाही.

आहाराबद्दल सगळे विचारतात. खास पथ्य असे नाही. दारू पूर्ण बंद, वजन आटोक्यात, आणि आमच्या सातारा भागाला लागू पडणारी एक गोष्ट: बुरशी आलेले शेंगदाणे. ओलसर जागी साठवलेल्या शेंगांवर आणि मक्यावर जी बुरशी येते तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि हिपॅटायटिस बीच्या जोडीने तो धोका अनेक पटींनी वाढतो. आमच्याकडे काळे पडलेले दाणे वेचून उरलेल्यांचे कूट करण्याची पद्धत होती. आता त्या डब्यातले सगळेच दाणे फेकले जातात, आईचा जीव हळहळला तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता, आणि त्यांपैकी जवळपास तीन कोटी भारतात होते. बहुतेकांना ते माहीत नाही. आमच्याच घरात अजून एक तपासणी राहिली आहे, ती दादाच्या धाकट्या मुलाची. थोरल्याची झाली, नकारार्थी आली, त्याने लस घेतली, वहिनींनीही घेतली. धाकटा आखाती देशात नोकरीसाठी अर्ज करून बसला आहे, आणि तिथल्या व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी होते तिच्यात हिपॅटायटिस बी आढळला तर उमेदवार अपात्र ठरतो, म्हणून तो इथे रक्तच देत नाही. त्याला मी एवढेच सांगते आहे की ती तपासणी तुला तिकडे जाण्याआधी द्यावीच लागणार आहे, तिथे अहवाल लपणार नाही; आत्ता केलीस आणि नकारार्थी आली तर लसीचा पहिला डोस त्याच दिवशी घेता येईल, आणि होकारार्थी आली तर तुझे यकृत आज कोणत्या अवस्थेत आहे ते तिसाव्या वर्षी कळेल, जे तुझ्या बाबांना पंचावन्नाव्या वर्षी कळले. येत्या सुट्टीत तो घरी येतो आहे, आणि वहिनींनी प्रयोगशाळेत त्याचे नाव आधीच नोंदवून ठेवले आहे.